मदत हवी आहे: पुनर्विकासाआधी सोनचाफा, देवचाफा, अनंत आणि सोनटक्का हलवायचे आहेत

मंडळी, आमची सोसायटी अखेर पुनर्विकासाला गेली. डोंबिवली, तळमजला, मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मातीचा पट्टा. त्यात सासूबाईंनी लावलेली झाडं आहेत. गणपती झाले की जागा रिकामी करून द्यायचीय. पुढची तीन-चार वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाल्कनीत.

सोनचाफा जुना आहे, दुसऱ्या मजल्याच्या वर गेलाय. खोडाचा घेर टेपने मोजला, अडीच फूट भरला. भिंतीपासून पाचेक फुटांवर असेल. देवचाफा पसरट, फांद्या मनगटाएवढ्या जाड. अनंत माझ्या खांद्याला लागतो आणि आत्ता कळ्यांनी भरलाय. सोनटक्क्याचं रान माजलंय न्हाणीच्या पाइपाशी.

बिल्डरचा माणूस म्हणतो, "मॅडम, हायड्रा क्रेन आणतो, सोनचाफा मुळासकट उचलतो, कर्जतला तुमच्या दिरांच्या जागेत लावून देतो." सासूबाईंना तेच हवंय. मला भीती वाटते. काय हलवावं, काय सोडावं आणि कधी? मे सुरू झालाय म्हणून घाई आहे.

– तळमजला_मागची_बाजू

परसदार: देवचाफ्याची काळजी सोडा. ते झाड हलवायचं नसतं, फांद्या न्यायच्या असतात, आणि मे हाच त्याचा महिना. दीड फुटाच्या फांद्या तोडा, पानं काढून टाका, सावलीत आडव्या टाकून द्या. आठ-दहा दिवसांनी चीक पूर्ण वाळून काप कोरडा कडक झाला की लावा. माती भुसभुशीत, त्यात जाड वाळू किंवा बारीक मुरूम निम्मा. लावताना एकदाच पाणी, मग पान फुटेपर्यंत हात आखडता. ताजी फांदी लावून रोज पाणी घातलं की बुडातून कुजते. पाऊस सुरू झाल्यावर कुंड्या वळचणीच्या आत घ्या. मनगटाएवढी फांदीही लागते, फक्त वाळवायला जास्त दिवस द्या. चीक कातडीला झोंबतो, हातमोजे घाला.

पावसाळ्यात पानाखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं काढून लांब टाका, झाड मरत नाही.

हुंडीवाला: ताई, सोनचाफ्याचं गणित करून बघा. मोठं झाड उचलताना मुळांभोवतीची मातीची हुंडी खोडाच्या जाडीच्या निदान दहापट रुंद ठेवतात. घेर अडीच फूट म्हणजे जाडी साडेनऊ इंच. म्हणजे हुंडी आठ फूट रुंद, तीन फूट खोल. निमुळती धरली तरी पाच-सहा टन माती. खोडापासून चारी बाजूंना चार-चार फूट कापायचं आणि भिंत पाच फुटांवर! मधे न्हाणीचा पाइप, गॅसची लाइन असेल तर तीही आली. मागच्या गल्लीत हायड्रा शिरणार का, हे वेगळंच.

'उचलतो' म्हणणारे बहुधा तीन फुटांची हुंडी कापतात, फांद्या ठोकळ्यासारख्या छाटतात आणि फोटो काढून मोकळे होतात. पहिल्या पावसात खोडावर कोंब येतात, सगळे खूश. ते कोंब खोडात साठवलेल्या अन्नावर येतात, मुळांवर नव्हे. पुढच्या मार्चमध्ये खरं काय ते कळतं.

तळमजला_मागची_बाजू: बापरे, पाच-सहा टन! त्याने हमी देतो असंही सांगितलं होतं. कसली, ते मी आता विचारणार आहे.

सदोबा: हमी राहू द्या, आधी परवानगी कुठे आहे ते विचारा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली तुम्ही स्वतः लावलेलं, खासगी कंपाउंडमधलं झाडही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय तोडता येत नाही. उपटून दुसरीकडे लावणं हेही परवानगीचंच काम. पुनर्विकासाच्या प्रस्तावात झाडांची यादी द्यावी लागते: कुठलं राहणार, कुठलं जाणार, कुठलं हलवणार. ती सोसायटीने आर्किटेक्टकडून मागून घ्यावी. चाफा भिंतीकडेला आहे, बांधकामाच्या रेषेबाहेर असेल तर तिथेच ठेवण्याची मागणी करता येईल. हे कुणीच विचारत नाही. विचारा.

कुडाळचा_पाऊस: झाड राहो न राहो, त्याची कलमं करून घ्या. सासूबाईंना तोच वास, तेच फूल हवं असणार. बी लावून ते मिळेलच असं नाही, आणि बियांचा चाफा फुलायला वर्षानुवर्षं लावतो. आमच्याकडे म्हणूनच कलमी सोनचाफा लावतात, वेलणकर जातीचा तर ठेंगणा असतानाच फुलतो.

तुमच्या झाडाला भेट कलम करा. रोपवाटिकेतून सोनचाफ्याची पेन्सिलएवढ्या जाडीची बियांची रोपं पिशवीसकट आणा, चार-पाच तरी. मृगाचा पाऊस जमला की रोपाइतक्याच जाडीची हाताशी येणारी फांदी निवडा. पिशवी स्टुलावर ठेवा नाहीतर फांदीला टांगा. रोपाची आणि फांदीची दीड-दोन इंच साल थोड्या लाकडासकट सपाट तासा, दोन्ही काप एकमेकांवर बसवा, कलमाच्या पट्टीने घट्ट बांधा. रोपाला पाणी तुटू देऊ नका. गणपतीच्या सुमारास जोड भरला असेल. मग फांदी जोडाच्या खाली आधी अर्धी कापा, आठवड्याने पूर्ण. रोपाचा शेंडा जोडाच्या वर उडवा.

फांदी अजून आईला जोडलेली असते, म्हणून हे कलम भरवशाचं. गुटीपण (फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ बांधायचं, म्हणजे झाडावरच मुळं फुटतात) बांधून ठेवा दोन-तीन, पण सोनचाफ्यात सगळ्या लागत नाहीत.

उलटतपासणी: एवढं निराशाजनक चित्र नको. मोठी झाडं हलवून जगलेली मी पाहिली आहेत.

हुंडीवाला: कुठली? वड-पिंपळ असतील तर मान्य, ती फांदी रोवली तरी जगतात. सोनचाफ्याची मुळं जाड आणि मांसल, तुटली की लवकर भरत नाहीत. शिवाय मुळं आधी टप्प्याटप्प्याने कापून, नवी तंतुमुळं फुटायला महिनोन् महिने देऊन मग उचलायचं असतं. इथे गणपतीची मुदत आहे.

उलटतपासणी: पिंपळच होता. ठीक.

अनंतमूळ_नव्हे: अनंत मात्र हलवता येईल. जूनमध्ये पाऊस लागला की खोडापासून फूटभर अंतरावर अर्ध्या गोलात कुदळीने चर मारा, त्यात शेणखत मिसळलेली माती भरा. जुलैअखेर उरलेला अर्धा गोल. निघायच्या आठवड्यात, ढगाळ दिवस पाहून, खालून तोडून हुंडी गोणपाटात बांधा. त्याआधी एक तृतीयांश छाटणी. तेव्हा कळ्या असल्या तर खुडून टाका, नाहीतरी गळणारच. छाटलेल्या कोवळ्या काड्या त्याच पावसात लावा, अनंताची काडी सहज लागते.

खरी कटकट फ्लॅटवर. त्याला आंबट माती लागते. बोअरचं किंवा टँकरचं जड, क्षारांचं पाणी घातलंत की पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसतील. ती लोहाची कमतरता. खतं ओतू नका. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), महिन्यातून एकदा मातीत. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम.

तळमजला_मागची_बाजू: सगळ्यांचे आभार. सासूबाईंना पाच-सहा टन सांगितल्यावर त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "कलम माझ्यासमोर बांधायचं." आर्किटेक्टकडे यादी मागितली आहे. दोनच शंका: कलमी चाफा तीन-चार वर्षं बाल्कनीत राहील का? आणि सोनटक्क्याला पश्चिमेचं ऊन चालेल?

कुडाळचा_पाऊस: राहील. पहिलं वर्ष दहा-बारा इंची कुंडी, नंतर निळा ड्रम अर्धा कापून, बुडाला भोकं पाडून. एकदम ड्रमात लावू नका, माती ओली राहून मूळ कुजतं. जोडाच्या खालून फुटणारे कोंब दिसताक्षणी मोडा, नाहीतर रोपच वर जाईल आणि कलम मरेल. एक कलम कर्जतलाही पाठवा. नव्या इमारतीत लावणार असाल तर खाली बेसमेंट नसलेली जमीन मागा.

परसदार: सोनटक्का पश्चिमेच्या उन्हात करपतो. आत्ताच कंद खणून दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करा, पसरट टबात बोटभर खोल लावा, आणि टब अनंताच्या कुंडीआड, एसीचं पाणी ठिबकतं तिथे ठेवा. सगळं रान नेऊ नका, एक टब पुरतो. उरलेले कंद इथल्याच लोकांना वाटा. मला दोन हवेत, ठाण्याहून येऊन नेईन.