काउंटीतला तरुण अष्टपैलू खरंच वर येतोय, हे स्कोअरकार्डवरून कसं ओळखायचं?

तिसरी_स्लिप:
काउंटी चॅम्पियनशिपचे (इंग्लंडमधली काउंटी संघांची चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा) स्कोअरकार्ड नेमाने बघणाऱ्यांना विचारतोय. १९ वर्षांचा पोरगा एप्रिलमध्ये आठव्या क्रमांकावर चाळीसेक धावा करतो, ३ बळी घेतो, की लगेच 'पुढचा स्टोक्स' सुरू होतं. जुलैत तोच सेकंड इलेव्हनमध्ये, म्हणजे काउंटीच्या दुय्यम संघात दिसतो. फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीपेक्षा जास्त हवी, हा नेहमीचा निकष इतक्या लहान खेळाडूला लावायचा का? नसेल तर बघायचं काय?

उभी_शिवण:
लावू नका. दहा-बारा डावांत एक मोठी नाबाद खेळी सरासरी कुठल्या कुठे नेते. त्यापेक्षा कर्णधार त्याला कधी आणि कशासाठी वापरतो ते बघा.

गोलंदाजीत बळी किती यापेक्षा कोणाचे, हे महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये खेळपट्टीत ओल असते, ड्यूक्स चेंडूची शिवण उंच असते आणि बराच वेळ तशीच टिकते. ताशी १२५ किलोमीटरवाला गोलंदाजही ऑफ स्टंपबाहेर टप्पा धरून ४ बळी नेतो. खरी परीक्षा ४५ ते ८० या षटकांची: चेंडू मऊ झालेला, दोन फलंदाज स्थिरावलेले, नवा चेंडू अजून लांब. तेव्हा कर्णधार चेंडू त्याच्याकडे देतो का? बळींचा क्रमही बघा. तिसरा-चौथा गडी त्याचा असेल तर लक्ष ठेवा; नववा-दहावा असेल तर थांबा. आणि २०२३ ते २०२५ मध्ये काही फेऱ्या कुकाबुराने खेळल्या गेल्या; त्या चेंडूची शिवण लवकर बसते. त्या सामन्यांतले आकडे वेगळे काढून वाचा, नाहीतर गोलंदाजावर अन्याय होतो.

फलंदाजीत बोनस गुण ध्यानात ठेवा. पहिल्या ११० षटकांत २५०, ३००, ३५०, ४०० आणि ४५० धावांना एकेक गुण मिळतो. ६ बाद २८० असताना येऊन शेपटाला, म्हणजे तळाच्या फलंदाजांना घेऊन ८० चेंडूंत ५५ करणारा पोरगा संघाला दोन-तीन गुण मिळवून देतो. सरासरीत ते उमटत नाही, पण प्रशिक्षक ते विसरत नाहीत.

लेगब्रेक_गुगली:
यात एक भर. निम्मा फलंदाज आणि निम्मा गोलंदाज असलेला पोरगा सहसा वर येत नाही. आधी एका कौशल्यावर संघात जागा लागते, दुसरं मागाहून वाढतं. रेहान अहमद बघा. डिसेंबर २०२२ मध्ये कराचीत १८ वर्षं १२६ दिवसांचा असताना इंग्लंडकडून कसोटी पदार्पण, दुसऱ्या डावात ४८ धावांत ५ बळी. तोवर त्याची ओळख लेगस्पिनर हीच. पण लेस्टरशायरसाठी तिसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात त्याने डर्बीशायरविरुद्ध शतक आणि डावात ५ बळी असा दुहेरी पराक्रम केला होता. २०२५ मध्ये लेस्टरशायर चॅम्पियनशिपची डिव्हिजन टू, म्हणजे खालची श्रेणी जिंकून वर गेलं, तेव्हा तो वरच्या फळीत शतकं ठोकत होता. फलंदाजीतली बढती काउंटीने दिली आणि त्याने ती निभावली.

जेकब बेथेल याच्या अगदी उलट. वॉरविकशायरच्या या डावखुऱ्याला नोव्हेंबर २०२४ मध्ये क्राइस्टचर्चच्या कसोटीत इंग्लंडने थेट तिसऱ्या क्रमांकावर उतरवलं, तेव्हा त्याच्या नावावर एकही प्रथम श्रेणी शतक नव्हतं. निवड फलंदाजीवरच, डावखुरी फिरकी केवळ जोडीला. सरासरी बघून ही निवड कोणीच केली नसती.

बारावा_गडी:
उभी_शिवण यांच्या मुद्द्यात एक खाच आहे. वेगवान अष्टपैलूला षटकं कमी मिळाली म्हणजे कर्णधाराचा विश्वास नाही, असं समजू नका. १९ वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये ईसीबीच्या (इंग्लंडचं क्रिकेट मंडळ) निर्देशांनुसार वेगवान गोलंदाजाला सलग ७ आणि दिवसाला १८ षटकांची मर्यादा असते. शरीर तेवढ्याच भाराला सरावलेलं असतं. चॅम्पियनशिपमध्ये दिवसाला ९६ षटकं टाकायची असतात, त्यातली २०-२२ त्याच्या वाट्याला आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तर पाठ बोलायला लागते. उजव्या हाताच्या गोलंदाजाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी चीर) बहुतेकदा कमरेच्या खालच्या मणक्यात, डाव्या बाजूला होतं. पुढचा पाय आपटताना कंबर मागे आणि बाजूला एकदमच वाकते, आणि ते हाड विशी ओलांडल्यावरही काही वर्षं कच्चंच असतं.

सगळ्यात धोक्याचा काळ सप्टेंबरचा. ब्लास्टमध्ये (काउंट्यांची टी-२० स्पर्धा) ४ षटकं, ऑगस्टच्या हंड्रेडमध्ये (डावाला १०० चेंडूंची स्पर्धा) जास्तीत जास्त २० चेंडू, आणि मग अचानक चार दिवसांचा सामना. स्कोअरकार्डवर खूण दिसते: त्याची आधीची सहा षटकांची स्पेल (सलग टाकलेली षटकं) तीनवर येते, मग गोलंदाजीच्या यादीत नावच नसतं, पण तो सहाव्या क्रमांकावर खेळत असतो. इंग्लंडचा अष्टपैलू फ्लिंटॉफही लँकेशायरमध्ये सुरुवातीला पाठीच्या दुखण्यामुळे बराच काळ फलंदाज म्हणूनच खेळला.

तिसरी_स्लिप:
आणि ऑगस्टमधल्या वन-डे कपचे (काउंट्यांची ५० षटकांची स्पर्धा) आकडे? तिथे तर ही पोरं चमकतात.

उभी_शिवण:
आधी समोरचा संघ वाचा. हंड्रेडला बडे खेळाडू गेल्यामुळे समोरही निम्मे नवखेच असतात. धावांपेक्षा पूर्ण १० षटकं टाकतो का, त्यातली शेवटच्या दहात किती, हे बघा. मधेच दुसऱ्या काउंटीकडे उसना गेला तर ती पायउतार समजू नका. बाकावर बसवण्यापेक्षा चार दिवसांचं क्रिकेट मिळावं म्हणूनच बहुधा पाठवतात.