मदत हवी आहे: हा लाँग बे, बोटीवर एक रात्र, सोबत सत्तरीची आई

दाभोळची फेरी

नमस्कार मंडळी. व्हिएतनामवरचे इथले जुने धागे चाळले, पण ते बहुतेक मित्रमंडळींच्या सहलींचे निघाले आणि त्यात बिअरचे भावच जास्त सापडले. माझी अडचण वेगळी आहे म्हणून नवा धागा काढतेय.

आई यंदा सत्तर पूर्ण करतेय. आयुष्यात तिने आमच्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मध्ये भाच्याच्या फोनवर व्हिएतनामच्या 'हा लाँग' नावाच्या उपसागराचा व्हिडिओ पाहिला, हिरव्या पाण्यातून वर आलेले ते डोंगर, आणि म्हणाली, "हे खरं आहे की कंप्युटरवर केलेलं?" खरं आहे म्हटल्यावर दोनदा परत लावायला सांगितला. आमच्या घरात याला हट्ट म्हणतात. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन जायचं ठरवलंय. मी, नवरा आणि आई. मुंबईहून हनोई, तिथून हा लाँग.

घोळ असा की आईच्या गुडघ्यांची झीज झालीय. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, पायऱ्या दिसल्या की तोंड वळवते. पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि दिवाळी चातुर्मासातच येते म्हणजे कांदा-लसूणही बंद. वर पाण्याची भीती. माहेर गुहागर तालुक्यातलं, खाडी रोजची, पण एकदा रेवसच्या लाँचमध्ये इतकी उलटली की त्यानंतर अलिबागला कायम एसटीनेच गेली.

एजंट म्हणतो, रात्रीच्या बोटीचा खर्च कशाला, हनोईहून एका दिवसात जाऊन या. नवरा म्हणतो, जायचंच तर रात्र काढायची. गेल्या वर्षीच्या बोट अपघाताची बातमी वाचल्यापासून माझी मात्र झोप उडालीय. आईला हे झेपेल का? बोट हलते का? खाणार काय? आणि जी बाई गुहा चढणार नाही, कयाक चालवणार नाही, तिला तिथे नेण्यात अर्थ आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

नांगर

ताई, मी बावीस वर्षं जहाजावर काढली आहेत, त्यामुळे आधी हलण्याचं सांगतो. रेवसची लाँच उघड्या समुद्राची लाट आडवी घेत जाते, म्हणून पोट ढवळतं. हा लाँगमध्ये पाण्यात चुनखडीची जवळपास दोन हजार बेटं उभी आहेत (सरकारी मोजणी १,९६९). लाट आत येईपर्यंत तिचा जीव गेलेला असतो. बोटी अगदी संथ जातात आणि रात्री बेटांच्या आडोशाला नांगर टाकून उभ्या राहतात. टेबलावरचा चहा सांडत नाही. आईंना त्रास झालाच तर तो हनोईहून येतानाच्या गाडीत होईल, बोटीत नाही. हवी तर गोळी गाडीसाठी द्या.

आता अपघात. २०२५ च्या जुलैमध्ये दुपारी अचानक उठलेल्या वादळात तिथली पर्यटक बोट उलटली, पस्तीसहून जास्त माणसं गेली. ती रात्रीच्या मुक्कामाची नव्हती, काही तासांच्या फेरीची होती. म्हणजे "दिवसाची सहल सुरक्षित, रात्रीची धोक्याची" असं गणित मांडू नका. धोका रात्रीत नाही, मोसमात आहे. जुलै ते सप्टेंबर ही तिकडची वादळं. २०२४ च्या सप्टेंबरात यागी नावाचं वादळ थेट याच किनाऱ्यावर येऊन आदळलं आणि बंदरात बांधलेल्या कितीतरी बोटी बुडाल्या. ऑक्टोबरच्या शेवटी ते बळ ओसरलेलं असतं, तरी पूर्ण विश्वास टाकू नये. इशारा आला की बंदर खातं बोटी सोडतच नाही. अशा वेळी पैसे परत की तारीख बदलून, हे बुकिंग करतानाच लेखी घ्या, आणि हनोईत एखादा दिवस हातचा राखा. बोटीचा दिवस परतीच्या विमानाला चिकटवू नका.

बोटीत शिरल्यावर पहिलं काम: लाइफ जॅकेट कुठे आहे ते पाहायचं, आईंना एकदा घालून दाखवायचं. फोटो नंतर.

रिकामटेकडा

माझं मत वेगळं. हा लाँगची नको तेवढी हवा केली आहे. आम्ही गेलो तेव्हा गुहेच्या तोंडाशी दादरच्या पुलासारखी गर्दी होती आणि आत लाल-निळे दिवे लावून गणपतीची आरास केलेली. पाण्यात थर्माकोलचे तुकडे पाहिले ते वेगळेच. त्यापेक्षा निन्ह बिन्हला जा. तिथे चांग आनला तसेच डोंगर, मधून नदी, वल्ह्याची होडी, समुद्राची भीतीच नाही. ताम कॉकला तर बायका चक्क पायांनी वल्ही मारतात.

अळूवडी

रिकामटेकडा, निन्ह बिन्ह सुंदर आहे, वाद नाही. पण चांग आनच्या होडीत दोन-अडीच तास बुटक्या फळीवर पाय दुमडून बसायचं, आणि मध्ये देवळं लागली की उतरायचं-चढायचं. माझ्या सासूबाई दुसऱ्या तासाला "मला इथेच सोडा" म्हणाल्या होत्या. हा लाँगच्या बोटीवर खुर्ची असते, कॉट असते, दहा पावलांवर कमोड असतो. सत्तरीत निसर्गसौंदर्याच्या आधी या तीन गोष्टी बघायच्या.

आता खाणं. तिकडे "व्हेज" या शब्दावर विसंबू नका. भाजी असते, पण तिच्यात नुओक माम, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, पडलेलं असतं. तो त्यांना मसाला वाटतो, मासा वाटत नाही. आपण हिंग घालतो तितक्या सहज घालतात. आमच्या पुढ्यात पहिल्या दिवशी जी "व्हेज" कोबीची भाजी आली तिचा वास घेऊन सासूबाईंनी ताटली माझ्याकडे सरकवली, एक शब्द न बोलता.

योग्य शब्द आहे "चाय". चहा नाही हो, चाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. "अन चाय" म्हणजे आम्ही शाकाहारी खातो. आणि गंमत म्हणजे त्यांचं कडक चाय कांदा-लसणाशिवायच असतं. म्हणजे तुमच्या आईंचा चातुर्मास हनोईतला भाविक माणूस आपल्या इथल्या वेटरपेक्षा लवकर समजेल. ते लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय पाळतात. पहिला दिवस साधारण आपल्या अमावास्येला येतो, पंधरावा पौर्णिमेला. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास पोचलात तर हनोईतल्या चाय खानावळींत जागा मिळणं मुश्कील.

बोटीवर मात्र स्वयंपाकी एकच आणि माल सकाळीच चढलेला असतो. त्यामुळे दोन दिवस आधी कळवा, आदल्या दिवशी परत कळवा. टोफू, मशरूम, भात, फळं एवढं नक्की मिळतं. मेतकूट आणि लोणच्याची पुडी पर्समध्ये असू द्या. मऊ गरम भात प्रत्येक बोटीवर असतो.

दाभोळची फेरी

अळूवडीताई, मेतकुटाचं वाचून दाखवलं तेव्हा आई पहिल्यांदा हसली. नांगर, मोसमाचं तुम्ही नीट सोडवून सांगितलंत, जीव थोडा भांड्यात पडला. पायऱ्यांचं कोणी सांगेल का? आणि हे "लान हा" काय प्रकरण आहे? काही कंपन्या हा लाँग म्हणतात, काही लान हा.

मु. पो. हनोई

नोकरीनिमित्त इथे चार वर्षं आहे. घरून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर मलाही बोटीवर जावं लागतं, त्यामुळे पाठ झालंय.

पाणी एकच, हद्दी वेगळ्या. मधला प्रसिद्ध भाग हा लाँग. दक्षिणेला कात बा बेटाला लागून लान हा, तो हाय फाँगच्या हद्दीत येतो. ईशान्येला बाय तू लाँग. हा लाँग म्हणजे "उतरता ड्रॅगन", बाय तू लाँग म्हणजे आईला वाकून नमस्कार करणारी त्याची पिल्लं. हा लाँग १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, कात बाचा भाग २०२३ मध्ये जोडला गेला. डोंगर तिन्हीकडे तसेच, गर्दीत फरक.

हा लाँगच्या ठरलेल्या फेरीत दोन ठिकाणं हमखास: सुंग सॉट गुहा आणि ती तॉप बेट. गुहेत जाता-येता मिळून काही शे पायऱ्या, त्याही ओल्या. ती तॉपच्या माथ्यावर चारशेच्या वर. (नाव व्हिएतनामी वाटतं, पण १९६२ साली हो ची मिन्ह सोव्हिएत अंतराळवीर तितोव्हला इथे घेऊन आले होते, त्याचंच हे नाव.) दोन्ही ठिकाणी आई बोटीवर थांबू शकतात. सगळे उतरले की वरचा डेक मोकळा, खुर्ची आपली, समोर डोंगर. माझी आई याच अर्ध्या तासावर खूश होती.

लान हाच्या फेरीत गुहा म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोक, खालून पाणी वाहतं. कयाकऐवजी बांबूची होडी मागता येते, वल्हवणारी तिथलीच बाई असते. एकही पायरी न चढता डोंगराच्या पोटातून पलीकडच्या तळ्यात जाता येतं. तुमच्यासाठी मी लान हा निवडेन. खोली मागताना जेवणाच्या हॉलच्याच मजल्यावर किंवा त्याच्या लगतच्या मजल्यावर मागा, बोटीतले जिने उभे असतात. धक्क्यावरून मोठ्या बोटीपर्यंत कधी छोट्या होडीने नेतात. त्या एका पावलाला दोघांनी दोन हात धरायचे.

दिवसाची सहल की रात्रीची? हनोईहून जायला अडीच तास, यायला अडीच. मध्ये "विश्रांती" म्हणून मोत्यांच्या दुकानात उतरवतात ते वेगळं, तिथे स्वच्छतागृह वापरा आणि भावाला हात लावू नका. एका दिवसात हे सगळं केलं तर आईंना गाडीच जास्त आठवेल. रात्रीच्या सहलीतही बोटीवर जेमतेम तेवीस-साडेतेवीस तास मिळतात. दुपारी बारा-साडेबाराला चढायचं, दुसऱ्या दिवशी साडेअकराला उतरायचं. "दोन दिवस" हा कंपनीचा हिशेब. पण त्यात पहाट येते. सहाला उठून डेकवर जा. जनरेटरची घरघर सोडली तर आवाज नाही, पाण्यावर धुकं, आणि डोंगर एकामागे एक फिकट होत गेलेले. कोपऱ्यात कोणीतरी "ताई ची" हा संथ चिनी व्यायाम शिकवत असतं, तिकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

रिकामटेकडांचा कचऱ्याचा मुद्दा खोटा नाही. मत्स्यशेतीच्या तरंगत्या तराफ्यांचा थर्माकोल अजून दिसतो, वादळानंतर जास्त. पाण्यावर घरं बांधून राहणाऱ्या कोळ्यांना २०१४ मध्ये किनाऱ्यावर हलवलं, त्यामुळे "तरंगतं गाव" म्हणून जे दाखवतात ते आता बरंचसं दाखवण्यापुरतंच आहे. आईंना कोकणामुळे त्यात रस असेल तर वल्हवणाऱ्या बाईंकडे बघा म्हणावं, हात अजून खरे आहेत.

किरकोळ: मूळ पासपोर्ट बोटीवर लागतो, हॉटेलात ठेवून येऊ नका. ई-व्हिसाचे २५ डॉलर सरकारी संकेतस्थळावरच भरा. रुपयाचे साधारण तीनशे दाँग, पण वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळ्या. संध्याकाळी बोटीवरच्या मंद दिव्यात टीप देताना आधी शून्यं मोजा. मी मोजली नव्हती.

नांगर

हा लाँगच्या फेरीत दाउ गो गुहा लागली तर एक गोष्ट आईंना सांगा. १२८८ मध्ये मंगोल आरमार चालून आलं तेव्हा व्हिएतनामी सेनापती चान हुंग दाओने जवळच्या बाख दांग नदीच्या तळात टोकदार लाकडी खांब रोवले. भरतीत शत्रूला आत ओढलं, ओहोटी लागली आणि जहाजं खांबांवर अडकली. ते खांब याच गुहेत साठवले होते अशी आख्यायिका आहे. खाडीकाठच्या माणसाला भरती-ओहोटी वेगळी समजवायला नको.

रिकामटेकडा

ठीक आहे, खुर्चीवर मी हरलो. वरचा डेक मोकळा असतो हे मला ठाऊकच नव्हतं, मी गुहेच्या रांगेत होतो.

दाभोळची फेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. लान हा, एक रात्र, लक्ष्मीपूजनानंतर चार दिवसांनी असं ठरलं. परतीच्या आधी हनोईत दोन दिवस मोकळे ठेवलेत. "बोट सुटली नाही तर काय" ते लेखी मागितलंय, दोन कंपन्यांनी उत्तर दिलं, तिसरीने फक्त फुलांची इमोजी पाठवली, तिला काढून टाकलं.

आईला सगळा धागा वाचून दाखवला. भीतीबद्दल काही बोलली नाही. खांबांची गोष्ट मात्र परत विचारली, आणि म्हणाली, ओहोटीची वेळ त्यांना कोण सांगत होतं? शेवटी तिचा एकच प्रश्न उरलाय: सकाळी सहाला डेकवर बसायचं ते ठीक, पण दुधाचा चहा मिळेल का?

मु. पो. हनोई

दुधाचा नाही. बिनदुधाचा, हिरवट, कडूसर मिळेल. कॉफीत घालायचं गोड घट्ट दूध मात्र त्यांच्याकडे असतं, ते वेगळं मागून घ्या आणि आपली चहापत्ती घेऊन या, गरम पाणी कोणीही देतं. मागताना एवढंच लक्षात ठेवा की इथे "चाय" म्हटलंत तर टोफू येईल. चहाला इकडे "चा"च म्हणतात.

दाभोळची फेरी

हे सांगितल्यावर आई म्हणाली, मग बरोबरच बोलतात की.