अनुभव धागा: विमानं आली तेव्हा तुम्ही जहाजावर कुठे होतात?

४ डिसेंबर जवळ आला की निपात, निर्घात आणि वीर या आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर केलेल्या हल्ल्याची गोष्ट निघतेच. त्याच्या आदल्या संध्याकाळी, ३ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानी विमानं आपल्या तळांवर अचानक चालून आली होती. पुढच्या दिवसांत गुजरातच्या किनाऱ्यावरचं जामनगर, ओखाही सुटलं नाही. नाशिकात फौजी म्हटलं की देवळालीचे तोपची नाहीतर ओझरचे विमानवाले. नेव्हीतून येऊन सिडको-नाशिकरोडला घर केलेले काका गप्पच असतात. त्यांनी लिहावं. शौर्यकथा नकोत, कानावर काय आलं ते सांगा.

स्टोकर, नाशिकरोड
मी विमान पाहिलंच नाही. ओख्याला जेट्टीला बांधून राहायचं नाही असा हुकूम, म्हणून अंधार पडायच्या आत बोटी बाहेर काढलेल्या. मी खाली इंजिनापाशी. डिझेलच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर. वरची तोफ सुटली की पायाखालच्या लोखंडी पाट्या थरथरायच्या, थांबली की समजायचं, गेलं. किंवा आता येतंय. शिडीकडे बघायचं नाही, हे आम्हीच आपसांत ठरवलेलं. वर आलो तर किनाऱ्यावर तेलाची टाकी पेटलेली. गावात बिडी ओढायची चोरी आणि ही टाकी समुद्रभर उजेड पाडून बसलेली!

मखमलाबादकर
मी तेव्हा जामनगरला वलसुराला, म्हणजे नेव्हीच्या प्रशिक्षण केंद्रात, शिकाऊ. भोंगा झाला की खंदकात. थंडी फार. एवढंच आठवतं, बाकी मागाहून ऐकलेलं.

सूनबाई, पंचवटी
सासरे नेव्हीत होते, आता नाहीत. सासूबाई सांगायच्या, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकायचा. ९ तारखेला आपली युद्धनौका खुकरी बुडाली. ती बातमी आल्यावर आजेसासऱ्यांनी रेडिओ उचलून स्वतःच्या खोलीत नेला, घरात कुणाला लावू देईनात. सासऱ्यांचं पत्र बऱ्याच दिवसांनी आलं, फ्लीट मेल ऑफिस, म्हणजे नेव्हीच्या टपाल कचेरीमार्गे. त्यात लढाईचा शब्द नाही. धाकटीचे कान टोचून घ्या, सोनार ओळखीचाच बघा, एवढंच. सासूबाई ते पत्र दाखवताना अजून चिडायच्या.

गनर, सिडको
स्टोकरभाऊ, वर होतो म्हणून आम्हाला दिसत होतं असं समजू नका. रात्री विमान दिसत नाही, आवाज येतो तोही ते पुढे निघून गेल्यावर. आकाशात गोळ्यांची भिंत उभी करायची, वैमानिकाचा नेम चुकला तरी कमावलं. आणि 'फायर बंद' म्हटल्यावर बोट ट्रिगरवरून काढणं, ते खरं अवघड. आपलंही विमान असू शकतं ना. रिकाम्या पुंगळ्या डेकवर गडगडायच्या, अंधारात त्यांवरून घसरून आमच्यातल्या एकाचा गुडघा फुटला. त्या रात्री आमच्या बोटीवर जखमी तेवढाच. दुसऱ्या दिवशी सगळे त्याला पदक कधी मिळणार म्हणून विचारत होते.