मदत हवी आहे: क्लबच्या घटनादुरुस्तीवर बुधवारी मतदान, ठराव तोडून मागता येतो का?

मध्यरेषा
नमस्कार. घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आमच्या रग्बी लीग क्लबचं बोर्ड घटना बदलायला निघालंय. आत्ता सातही संचालक सभासदांतून निवडून येतात. नव्या मसुद्यात चार निवडून आलेले आणि तीन बाहेरचे, स्वतंत्र. हे मला मनापासून हवं आहे. बोर्डात दोन तट पडलेत, एका तटाने कोच आणला की दुसरा तट त्याला घालवायच्या मागे लागतो. गेल्या चार वर्षांत तीन सीईओ झाले. मैदानावर जीव तोडून खेळणाऱ्या पोरांनी कुणाकडे बघायचं?

पण त्याच ठरावात आणखी दोन गोष्टी घुसडल्या आहेत. संचालकांची मुदत दोनाची तीन वर्षं, आणि ती आत्ता खुर्चीवर असलेल्यांनाही लागू. शिवाय निवडणुकीला उभं राहायचं तर आधी नामांकन समितीने पसंत करायला हवं, आणि ती समिती नेमणार अध्यक्ष. म्हणजे विरोधातला माणूस मतपत्रिकेपर्यंत पोचणारच नाही.

तिन्ही गोष्टींवर मिळून एकच हो किंवा नाही. मला त्याचे तीन ठराव करून हवेत. कसं करतात? बारा वर्षं सभासद आहे. सभा येत्या बुधवारी संध्याकाळी ७ ला. कृपया लवकर सांगा.

पेठकरी
संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर सोपं आहे. सभेत काहीही होऊ द्या, नंतर कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय आयुक्तांकडे जातोच. तिथे हरकत घ्या. आमच्या व्यायामशाळेच्या वेळी आम्ही हेच केलं होतं. निकाल लागायला सहा वर्षं लागली, पण लागला.

लेगस्पिन
महाराष्ट्रात रग्बी लीगचा क्लब कुठे आहे? आपल्याकडे खेळतात ते रग्बी युनियन, पंधरा जणांचं, नाहीतर सात जणांचं. अभिनेते राहुल बोस ज्या संघटनेचे अध्यक्ष झाले ती युनियनची. लीग म्हणजे तेरा जणांचा खेळ. धागाकर्त्याने नीट तपासावं.

मध्यरेषा
सिडनी, सिडनी. लिहायचं राहून गेलं. क्लबचं नाव देत नाही, धाकटा इथेच अंडर-११ मध्ये खेळतो. आणि खेळ लीगच आहे, तेरा जणांचा, सहा टॅकलचा. आता कुणी ठरावाबद्दल सांगेल का?

हिशेबी
मी सिडनीतच असते, दोन क्लबांचे हिशेब पाहिले आहेत. आधी तीन गोष्टी सांगा, त्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.
सभेची नोटीस कुठल्या संस्थेच्या नावाने आली आहे? लीग्ज क्लब, फुटबॉल क्लब, की संघ चालवणारी कंपनी?
तुम्ही यातल्या नेमक्या कशाचे सभासद?
नोटीस हातात कधी पडली?

मध्यरेषा
सभासद म्हणजे सभासद, ताई. दर सिझनला पैसे भरतो. कार्ड येतं, स्कार्फ येतो, घरच्या सामन्यांना माझी ठरलेली सीट आहे. नोटीस ईमेलने आली, साधारण तीन आठवड्यांपूर्वी. क्लबचीच आहे.

हिशेबी
मला वाटलंच. सिझनचं सभासदत्व हे बहुतेक वेळा नुसतं तिकीट असतं. संघ चालवणाऱ्या कंपनीशी तुमचा करार. त्याला सभेत मत नसतं.

इथली रचना मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. लीग्ज क्लब म्हणजे ती इमारत: बिस्त्रो (खाणावळ), बार, पोकर मशीन (जुगाराची यंत्रं). न्यू साउथ वेल्समध्ये क्लबांना ही मशीन कायद्याने १९५६ पासून चालवता येतात, आणि रग्बी लीगचा बराच डोलारा त्याच पैशावर उभा राहिला. फुटबॉल क्लब म्हणजे खेळ, इथे रग्बी लीगलाही फुटबॉलच म्हणतात. दोघांची बोर्डं वेगळी असू शकतात, माणसं कधी तीच तर कधी एकमेकांच्या छातीवर बसलेली. ज्याच्या हाती लीग्ज क्लब, त्याच्या हाती तिजोरी. म्हणून भांडण नेहमी तिथल्या खुर्चीसाठी असतं.

तेव्हा नोटिशीच्या डोक्यावरचं पूर्ण नाव वाचा, आणि त्याखालचा नऊ आकडी कंपनी क्रमांक.

उसाचं रान
नाव-क्रमांक बघत बसाल तर बुधवार जाईल. आमच्या कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून व्हायच्या आत पुढच्या चार रांगा 'मंजूर, मंजूर' ओरडतात आणि विषय संपतो. त्यावर इलाज एकच, माणसं. आधी जाऊन पुढच्या रांगा आपण धरायच्या. आणि 'आयत्या वेळचे विषय' येतात तेव्हा उठायचं नाही, खरी मेख तिथे असते.

तीन चाकी
तुम्ही सिटिझन आहात की पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी? पीआर असाल तर मत देता येत नाही. आणि सिटिझन असून मत दिलं नाही तर दंड बसतो.

हिशेबी
@तीन चाकी, तो नियम संसदेच्या निवडणुकीचा. क्लबच्या मताचा नागरिकत्वाशी काही संबंध नाही. कृपया धागाकर्त्याला घाबरवू नका.

लेगस्पिन
सिडनी असेल तर माझं मत स्पष्ट आहे. तीनही गोष्टी गिळा आणि बाहेरची माणसं आत आणा. बोर्डातले लोक स्वतःहून सुधारत नसतात. बीसीसीआयचं बघा. लोढा समितीने ७० वर्षांची वयोमर्यादा सांगितली, पदांमध्ये सक्तीची विश्रांती सांगितली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये ते मान्य केलं, तरी मंडळ हलेना. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने अध्यक्ष अनुराग ठाकूर आणि सचिव, आपल्या पुण्याचे अजय शिर्के, दोघांना पदावरून दूर केलं. इथे बोर्ड स्वतःहून तीन स्वतंत्र संचालक देतंय, ते सोडायचं?

उसाचं रान
साहेब, बाहेरचा माणूस नेमणार कोण, ते बघा. आतल्याने नेमलेला बाहेरचा हा आतलाच असतो. आमच्याकडे 'तज्ज्ञ संचालक' म्हणून कोण येतात ते जिल्ह्याला माहीत आहे.

लेगस्पिन
मग सिडनीच्याच पॅरामाटा क्लबचं काय? २०१६ मध्ये खेळाडूंच्या वेतनमर्यादेच्या घोटाळ्यात १२ गुण कापले, १० लाख डॉलर दंड, आणि राज्य सरकारने लीग्ज क्लबचं बोर्ड बरखास्त करून मॅक्स डॉनेली हा प्रशासक बसवला. बाहेरचाच ना?

हिशेबी
तो सरकारने आणलेला बाहेरचा, बोर्डाने आणलेला नव्हे. फरक तोच आहे. जवळचं उदाहरण सिडनीच्या वेस्ट्स टायगर्स संघाचं. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स हे दोन जुने क्लब एकत्र येऊन २००० पासून खेळायला लागले. पुढे बालमेनची आर्थिक ताकद आटली आणि सूत्रं वेस्ट्सच्या लीग्ज क्लबकडे गेली. २०२२ आणि २०२३, लागोपाठ दोन वर्षं संघ तळाला. मग बाहेरच्या माणसांकडून कारभाराची तपासणी झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष आणि सीईओ दोघंही गेले. राज्याचे माजी प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, बॅरी ओ'फॅरेल अध्यक्ष म्हणून आले. पण हे झालं ते मालक क्लबने होकार दिला म्हणून. स्वतंत्र संचालकाला काढायची चावी कुणाकडे आहे, हे घटनेत वाचल्याशिवाय 'स्वतंत्र' या शब्दाला काही वजन नाही.

@मध्यरेषा, तुमच्या मसुद्यात त्या तिघांना काढायचा अधिकार कुणाला दिलाय?

पावसाळी
मी लीड्सला असतो. हा खेळ जन्मालाच बैठकीतल्या भांडणातून आला. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात इंग्लंडच्या उत्तरेकडचे क्लब रग्बी युनियनमधून फुटले. खाणीत आणि गिरणीत काम करणाऱ्या खेळाडूंची सामन्यापायी बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही, एवढाच वाद. लंडनची मंडळी नाही म्हणाली. आमच्याकडे मोठे क्लब एकेका मालकाच्या खिशावर चालतात. ब्रॅडफर्ड बुल्ससारखा नावाजलेला क्लब २०१७ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत बंद पडला, आणि त्याच नावाने उभ्या राहिलेल्या नव्या कंपनीने सिझन उणे १२ गुणांवर सुरू केला. तुमच्याकडे निदान सभेत हात वर करता येतो. तो हक्क सोडू नका. जमलं तर समर्थकांचा ट्रस्ट काढा.

निळीशाई
अवांतराबद्दल क्षमस्व. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. एवढ्या लहान वयात टॅकल शिकवतात का? मानेची भीती वाटते.

मध्यरेषा
@निळीशाई, वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन. धाकट्याचा अनुभव चांगला आहे.

@हिशेबी, आत्ता मसुदा उघडला. स्वतंत्र संचालकांना 'बोर्डाच्या बहुमताने' काढता येईल असं कलम आहे. सातात निवडून आलेले चार. म्हणजे चौघं एक झाले की तिघं घरी. हे मी वाचलंच नव्हतं.

आणि नोटीस लीग्ज क्लबच्या नावाने आहे. माझ्याकडे त्यांचं कार्ड आहे, २०१७ मध्ये बिस्त्रोच्या सवलतीसाठी काढलेलं. ते चालेल? आणि एका मित्राने सांगितलं, शंभर सह्या गोळा केल्या की विशेष सभा बोलावता येते. आज रात्रीच सुरू करू का?

हिशेबी
सह्यांमागे धावू नका. शंभर सभासदांनी सभा मागायची तरतूद २०१५ मध्ये काढून टाकली. आता एकूण मतांपैकी ५ टक्के लागतात, आणि हजारो सभासदांच्या क्लबात ते सोपं नाही. शंभर सह्यांवर आपला ठराव मांडता येतो, पण तो नोटीस दिल्यावर दोन महिन्यांहून पुढच्या सभेत. बुधवारी उपयोग शून्य.

आता नीट वाचा. तुमचा क्लब बहुतेक क्लबांसारखा हमीमर्यादित कंपनी (भागधारक नाहीत, सभासदांच्या हमीवर उभी) आहे असं धरते. घटना बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी किमान ७५ टक्के. एकूण सभासदांच्या नव्हे, पडलेल्या मतांच्या. नोंदणीकृत क्लबांचा १९७६ चा कायदा दुसऱ्याच्या वतीने मत द्यायला मनाई करतो. म्हणजे प्रॉक्सीचा गठ्ठा घेऊन कुणी येणार नाही, खोलीत जेवढी डोकी तेवढीच मतं. क्लबच्या कर्मचाऱ्यांनाही मत नाही.

समजा ८० जण आले. ठरावाला ६० लागतात. २१ जण विरोधात गेले की तो पडला. तीस हजार सभासदांच्या क्लबचा कारभार कधी कधी एकवीस माणसं अडवतात. साउथ सिडनी क्लबात मार्च २००६ मध्ये अभिनेता रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स ए कोर्ट यांना ७५ टक्के मालकी द्यायची की नाही यावर सभासदांनी मत दिलं. ७५ टक्के मतं हवी होती, पडली ७५.८. त्या पाऊण टक्क्याने एका शतकाचा क्लब हात बदलून गेला.

ठराव तोडण्याबद्दल: विशेष ठराव नोटिशीत जसा छापलाय तसाच मतदानाला येतो. सभेत उभं राहून त्याचा आशय बदलता येत नाही. तुकड्यातुकड्याने मत घ्या, अशी विनंती अध्यक्षांना करा, उद्याच लेखी. ते मानतीलच असं नाही. नाही मानली तर विरोधात मत द्या, आणि कारण तिथेच बोलून दाखवा: स्वतंत्र संचालक वेगळ्या ठरावात आणा, आम्ही पाठिंबा देऊ. हात वर करून आटपायला लागले तर पाच मतदार सभासदांनी मिळून मोजून मतदान मागता येतं. ते पाच आधीच ठरवून ठेवा.

लेगस्पिन
म्हणजे सुधारणा पाडायची. मग पुढची दोन वर्षं तेच दोन तट.

मध्यरेषा
@लेगस्पिन, रात्रभर तोच विचार करतोय. मलाही ती हवी आहे हो. पण अध्यक्षाच्या समितीने गाळलेले उमेदवार आणि बहुमताने हाकलता येणारे स्वतंत्र संचालक, याला मी सुधारणा म्हणून हात वर करू शकत नाही.

उसाचं रान
बरोबर. आणि बोलताना कागद हातात ठेवा, कलमाचा नंबर सांगून बोला. आकडा ऐकला की पुढच्या रांगा गप्प होतात.

हिशेबी
ते कार्ड कुठल्या वर्गाचं आहे ते काउंटरवर विचारा. तात्पुरता, प्रोव्हिजनल आणि पूर्ण सभासद, सगळ्यांचं कार्ड सारखंच दिसतं. आणि अनेक क्लबांच्या घटनेत काही वर्षांच्या सभासदत्वाशिवाय मत नसतं. नोंदवहीत आपलं नाव पाहणं हा सभासदाचा हक्क आहे.

मध्यरेषा
आज शनिवार, दुपारी जाऊन आलो. रिसेप्शनवरच्या मुलीने कार्ड मशीनला लावलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'फुल मेंबर', पुढच्या जूनपर्यंत वैध. घटनेची प्रत मागितली तर मॅनेजरला विचारायला आत गेली, वीस मिनिटांनी जुना स्टेपल केलेला गठ्ठा आणून दिला. मतदानासाठी तीन वर्षांची अट आहे, माझी झालीत. बायकोचं कार्ड मार्चमध्ये संपलंय, तिला मत नाही. शेजारचा टोंगन मित्र, ज्याचा मुलगा आमच्या संघात प्रॉप खेळतो, तो तिथल्या किचनमध्ये काम करतो, त्यालाही नाही. त्याला फार लागलं ते.

अध्यक्षांना ईमेल टाकली. उत्तर नाही.

अंडर-११ च्या पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं, कुणाकडे लीग्ज क्लबचं तीन वर्षं जुनं कार्ड आहे? रात्री नऊपर्यंत चौदा जण निघाले, माझ्यासकट. चौघांनी मसुदा वाचतो म्हणून मागून घेतला. एकवीस व्हायला अजून सात हवेत, आणि गर्दी वाढली तर जास्त. पश्चिम सिडनीतलं कुणी हे वाचत असेल आणि कार्ड असेल तर व्यक्तिगत निरोप करा, क्लबचं नाव तिथे सांगतो.

हिशेबी
निरोप केलाय. माझं कार्ड त्या क्लबचं असेल तर २०१९ चं आहे. बुधवारी सव्वासहाला दाराशी भेटू, नोंदणीची रांग लांब असते आणि सात वाजले की दार लावतात.