डबलसीट: मागच्या सीटवर बसणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात आईला डोळे दाखवायला कोपरीहून वाशीला नेलं. विटावा, दिघा आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्ता. उतरल्यावर ती बराच वेळ गाडीला धरून उभी राहिली. म्हणाली, "अरे, तुला खड्डा आधी दिसतो. मला तो कंबरेत कळतो."

बारा वर्षं गाडी चालवतोय, पण मागे कसं वाटतं हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. म्हणून रविवारी मित्राच्या हाती गाडी दिली आणि माजिवड्यापासून गायमुखपर्यंत स्वतः मागे बसलो. कापूरबावडीलाच घाबरलो. चालवणाऱ्याच्या हातात ब्रेक असतो, त्यामुळे त्याचं अंग आधीच सावरलेलं असतं. मागच्याला समोर फक्त हेल्मेट दिसतं. तुम्ही काय बदललंत ते लिहा. मागे बसणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

घणसोलीहून:
नऊ वर्षं नवऱ्याच्या मागे बसते आहे. पहिल्याचा दुसरा गियर पडला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटायचं. मला वाटायचं, मीच नीट बसत नाही. एकदा स्पष्ट बोलले. आता तो क्लच सावकाश सोडतो, सिग्नल दिसला की लांबूनच वेग कमी करत आणतो, आणि आपटणं जवळजवळ थांबलं. दुसरा त्रास सॅकचा होता. त्याच्या पाठीवरची लॅपटॉपची सॅक माझ्या पोटात रुतायची आणि मी मागे सरकत सीटच्या टोकाला जायचे. आता सॅक मी घेते. पट्टे इतके सैल करते की तिचं बूड सीटवर टेकतं, खांद्यांवर ओझं येत नाही.

कळव्याहून:
आधी हवा बघा. साखळीच्या कव्हरवर किंवा जवळपास स्टिकर असतो, त्यावर एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा दिलेला असतो. माझ्या गाडीला मागच्या चाकात एकट्यासाठी 28 आणि दोघांसाठी 32 आहे. टायर गार असताना तपासा. चालवून तापला की काटा जास्त दाखवतो. मग शॉकअप. त्याच्या स्प्रिंगच्या टोकाला खाचांचं कडं असतं आणि टूलकिटमध्ये त्याचा वाकडा पाना. मी एकटा असताना दुसऱ्या खाचेवर ठेवतो, बायको बसणार असेल तर चौथ्या. स्प्रिंग सैल असेल तर दोघांच्या वजनाने ती आधीच दबलेली असते. मग खड्ड्यात शॉकअप तळाला टेकतो आणि तो दणका थेट मागच्याच्या मणक्यात जातो. एकट्याने जाताना खाच परत खाली आणायला विसरू नका, नाहीतर गाडी उडते.

नेरूळहून:
मी साडीवाली, एका बाजूला बसणारी. मुलाने गाडी छान दिसावी म्हणून साडी गार्ड काढला होता. एकदा उरण फाट्याजवळ पदर चाकाकडे ओढला गेला. पिन तुटली म्हणून वाचले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमात मागच्यासाठी धरायची पकड, फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं संरक्षण, तिन्ही सांगितलेली आहेत. ती शोभेची वस्तू नाही रे बाळांनो. मुलाने दुसऱ्याच दिवशी गार्ड परत बसवला. पाम बीचला जायचं असेल तर आता मी पंजाबी ड्रेस घालते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसते. खाडीचा वारा आडवा लागला तरी तोल जात नाही.

खारघरहून:
गुळगुळीत रेक्झिनचं कव्हर काढा. ब्रेक लागला की मागचा घसरत पुढच्याच्या अंगावर येतो. खरखरीत कव्हर घातल्यावर आमची निम्मी तक्रार संपली.

ऐरोलीहून:
मुलगी साडेतीन वर्षांची. 15 फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांखालच्या मुलांसाठी चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट सक्तीचं झालं. वेगही ताशी 40 किलोमीटरच्या आत. सुरुवातीला पट्टा कटकट वाटला. मग एका संध्याकाळी रबाळ्याच्या सिग्नलला ती माझ्या पाठीवर गाढ झोपलेली लक्षात आली. पट्टा नसता तर, हा विचार अजून मनातून जात नाही. आता पेंग यायच्या वेळी आम्ही गाडी काढतच नाही.

वर्तकनगरहून:
मला दिसत नाही. भाऊ मला रोज कामावर सोडतो. आधी तो बोलून सांगायचा, "खड्डा", "डावं", "ब्रेक". घोडबंदर रस्त्यावर ट्रकच्या आवाजात त्यातलं काहीच ऐकू यायचं नाही आणि माझं सगळं अंग घट्ट आवळलेलं असायचं. ऑफिसात पोहोचेपर्यंत मान धरायची. मग आम्ही एक खूण ठरवली. माझे हात त्याच्या कमरेला असतात. हँडल न सोडता तो कोपराने माझं मनगट दाबतो. एकदा म्हणजे उंचवटा, मी फूटरेस्टवर जोर देऊन किंचित उचलते. दोनदा म्हणजे ब्रेक, मी मांड्या आवळून पाठ ताठ करते. बाकी वेळ मी सैल बसते. आता तर मला वळणं आवडतात. त्याच्याबरोबर अंग झुकू दिलं की वळण कळतं.

पुन्हा कोपरीहून:
आईला हे सगळं वाचून दाखवलं. वर्तकनगरच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, "ते कोपराचं आपण करू. आणि मी 'बसले' म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही." उद्या पुन्हा वाशीची तारीख आहे. शॉकअप चौथ्या खाचेवर घेतला आहे. हवा सकाळी निघतानाच नाक्यावर तपासून घेईन.