ऊरुभंगातला दुर्योधन

खलनायकाला सहानुभूती द्यायची म्हणजे त्याचे गुन्हे पुसायचे, असा आक्षेप घेतला जातो. तसं पुष्कळ ठिकाणी होतं, आणि तिथेच लेखन फसतं. प्राचीन नाटककार भासाच्या नावावरचं ‘ऊरुभंग’ हे एकअंकी संस्कृत नाटक बघा. मांड्या मोडलेला दुर्योधन रणात पडलाय. त्याचा छोटा मुलगा दुर्जय सवयीने बापाच्या मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला थांबवावं लागतं. गदा कुठे बसली ते या एका हालचालीत पोटात शिरतं.

पण खरी ताकद पुढे आहे. अश्वत्थामा सूडाला निघतो तेव्हा दुर्योधन स्वतःच हिशेब मांडतो: द्रौपदीचे केस ओढले, कोवळा अभिमन्यू मारला, द्यूताच्या कपटाने पांडवांना वनात धाडलं, त्यापुढे त्यांनी केलं ते थोडंच.

कर्णावरचं बरंच लेखन इथे कच्चं पडतं. सूतपुत्र म्हणून झालेला अपमान पानंच्या पानं, आणि सभापर्वात दुःशासनाला द्रौपदीची वस्त्रं काढून घ्यायला सांगणारा कर्ण दोन ओळींत उरकलेला. ते वाक्य त्याच्याच तोंडी पूर्ण ठेवा, मग आम्हाला रडवा.