मदत हवी आहे: केळीच्या चिकाने चित्रं काढणारा मुलगा, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा आणि पुढचं

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

आठवीतला एक मुलगा दीडेक वर्षापासून दुकानात येतो. विकत काही घेत नाही. बिघडलेल्या झेरॉक्स मागतो, मागची बाजू कोरी असते म्हणून. सातबारा, प्रश्नपत्रिका, काहीही चालतं. (आधारच्या प्रती मात्र मी फाडूनच टाकतो, उगाच भानगड नको.) वडील केळी कटाईच्या टोळीवर, आई निंदणी-वेचणीला जाते. मूळचे पारोळ्याकडचे, घरात अहिराणी.

मागच्या महिन्यात त्याने एक कागद आणला. मला वाटलं कोराच आहे, नुसते ओलसर ओरखडे. म्हणाला, "काका, उद्या बघा." दुसऱ्या दिवशी कागदावर तपकिरी बैल उभा! केळीचा चीक होता तो. कटाई पाहिलेल्यांना सांगायला नको, चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो आणि हवा लागली की शर्टाला असा डाग धरतो की कुठल्याच पावडरीने निघत नाही. वडिलांचे सगळे शर्ट तसलेच. ते बघूनच पोराला सुचलं. काडीला कापूस गुंडाळून काढतो. काढताना रेघ धड दिसत नाही, खोडायची सोय नाही, त्यामुळे हात टेकवायच्या आधी बराच वेळ कागदाकडे नुसता बघत बसतो. बैलाच्या वशिंडावर चीक तीनदा दिला होता, म्हणून तिथे रंग गडद. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

आता अडचण. शाळेत चित्रकलेला शिक्षक नाही, तो तास पीटीला जातो. एलिमेंटरीचं विचारायला गेलो तर "आमच्याकडून कोणी बसत नाही" एवढंच ऐकून परत आलो. आणि घरचं वेगळंच. मी त्याला बारा रंगांची पेटी दिली होती. संध्याकाळी वडील ती परत घेऊन आले. रागावलेले नव्हते, दमलेले होते. म्हणाले, "चित्रे काढीसन पोट भरस का, भाऊ?" मला उत्तर सुचलं नाही.

तर शाळा बसवत नसेल तर परीक्षेला कसं बसायचं? साहित्य काय घ्यायचं? दहावीनंतर रस्ता कुठला? आणि वडिलांना न दुखवता मदत कशी करायची?

निवृत्त कलाशिक्षक:
परीक्षा राज्याच्या कला संचालनालयाची असते, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. नोंदणी शाळेमार्फत होते, त्यामुळे तालुक्यात ज्या शाळेत केंद्र आहे तिथल्या कलाशिक्षकांना गाठा. मुलाला आणि त्याच्या चार चित्रांना सोबत न्या. अर्जापेक्षा चित्रं लवकर बोलतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. पहिल्या दोनांची तुम्ही काळजी करू नका, बैल काढणारं पोर तांब्या काढेल. अडतं ते भूमितीत. माझी किती तरी चांगली मुलं निव्वळ कंपास ढिला म्हणून घसरली. रंगपेटी नंतर, आधी घट्ट स्क्रूचा कंपास आणि टोक केलेली पेन्सिल.

वडिलांना पटेल अशी एक गोष्ट सांगा. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३.

यावलकर:
फैजपूर तुमच्या शेजारीच. १९३६ साली तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात झालेलं पहिलं, आणि त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, बांबू वगैरे गावाकडच्याच साहित्यातून. तुमचा चीकवाला त्याच घराण्यातला म्हणायचा! जमलं तर त्याला अजिंठ्याला न्या. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, फक्त सोमवार टाळा. तिथले बहुतेक रंग मातीतून, दगडातून केलेले आहेत हे त्याला आपण सांगण्याआधी बघू द्या. चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार-कलावंत केकी मूस यांचं घर आहे, तेही दाखवा.

भुसावळचा बाबा:
थोडं कडू बोलतो. पोराच्या डोक्यात आत्ताच मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय भरवू नका. मोठ्या शहरात राहायचं-खायचं कोण बघणार? बारावीनंतर बीएफए, म्हणजे कलेची पदवी आहे, त्यासाठी सीईटी द्यावी लागते, शाखा कुठलीही चालते. म्हणजे चार-पाच वर्षं हातात आहेत. तोवर शाळा सुटू नये एवढं बघा. वेचणीच्या दिवसांत पोरं शाळेतून गळतात ना, खरा धोका तो.

धागाकर्ता:
बाबा, पटलं. दिवाळीच्या आसपास तो हमखास आठ-दहा दिवस गायब असतो, मीच कधी विचारलं नव्हतं.

केंद्रवाल्या शाळेत जाऊन आलो. तिथल्या मॅडमनी चित्र खिडकीपाशी नेऊन बघितलं, आधी चहाचा डाग समजल्या. त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र आणा, बघू म्हणाल्या. पत्र मीच टाइप केलं, सही मिळाली.

वडील परवा रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आले होते. काउंटरच्या काचेखाली मी पोराचं नवं चित्र ठेवलंय, खांद्यावर घड घेतलेला माणूस. बराच वेळ बघत राहिले. मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, "हाऊ डावा खांदा शे. मी उजवा खांदावर लेस." एवढंच. काल केळीच्या दोन फण्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, ती पेटी द्या. मी फण्या घेतल्या, पेटी दिली, वर कंपास ठेवला. कंपासाचे किती, असं त्यांनी विचारलं. अजून एक फणी, म्हटलं.

एक प्रश्न राहिलाच. काचेखालचं चित्र दिवसेंदिवस काळं पडतंय, खांद्यावरचा घड आता ओळखू येत नाही. चिकावर काही मारता येतं का? कलाशिक्षक सर, बघा जरा.